नाशिक पायी पाहायचं तर: आधी नदीकडे उतरा, मग टेकावर चढा

नाशिकला पहिल्यांदा येणारी बरीच मंडळी रिक्षाने रामकुंडावर उतरतात, तासाभरात पंचवटी उरकतात आणि त्र्यंबकेश्वरच्या किंवा शिर्डीच्या गाडीत बसतात. त्यांना नाशिक दिसतच नाही. हे गाव चढ-उतारांचं आहे. नऊ टेकड्यांवर वसलेलं गाव अशी त्याची जुनी ओळख आहे. देवळं कुठे बांधली, बाजार कुठे भरला, वाडे कुठल्या उंचीवर उभे राहिले, यातलं बरंच काही गोदावरीचा पूर कुठवर चढतो यावर ठरलं. म्हणून पायाखालचा रस्ता चढतोय की उतरतोय, एवढं लक्षात ठेवून चालायला लागा.

खाली दिलेला बेत तीन सकाळींचा आहे. एकच दिवस हाताशी असेल तर पहिली सकाळ पूर्ण करा आणि दुपारनंतर पांडवलेणी. बाकीचं पुढच्या खेपेला.

पोहोचणं आणि उतरणं

रेल्वेने येणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. नाशिकरोड स्टेशन जुन्या गावापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. हे अंतर इतकं जाचक होतं की १९व्या शतकाच्या अखेरीस गावातून स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्राम सुरू करावी लागली होती. आज तिच्या जागी सिटीलिंकच्या बस आणि शेअर रिक्षा आहेत. स्टेशनबाहेरून सीबीएस (गावातलं मध्यवर्ती बसस्थानक), शालिमार किंवा पंचवटीतल्या निमाणी बसस्थानकाकडे जाणारी बस पकडा. स्वतंत्र रिक्षा करायची असेल तर बसण्याआधीच भाडं ठरवा. मुंबईहून येणारी एसटी महामार्ग बसस्थानकावर सोडणार की सीबीएसवर, हे कंडक्टरला विचारून घ्या. दोन्हींमध्ये अंतर आहे.

राहायला माझं मत स्पष्ट आहे: सीबीएस, अशोक स्तंभ, रविवार कारंजा या पट्ट्यात खोली घ्या. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडची हॉटेलं प्रशस्त असतील, पण पहाटे सहाला पायी गंगेवर जाता येणं ही सोय तिथे नाही. हो, ‘गंगेवर’. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. कुणी ‘गंगेवरून या’ असं सांगितलं तर गोदाघाटाकडे वळायचं.

नकाशा डोक्यात बसवून घ्या

गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून निघते आणि पश्चिमेकडून गावात शिरते. रामकुंडाजवळ ती दक्षिणेकडे वळते. या वळणावर तिच्या डाव्या काठाला पंचवटी आणि उजव्या काठाला जुनं नाशिक. पंचवटीची जमीन पात्राकडून पूर्वेला चढत जाते. जुन्या नाशिकची बाजू जास्त उंचसखल आहे, कारण टेकड्या तिथे आहेत. पश्चिमेला गंगापूर रोड आणि सातपूर, नैर्ऋत्येला सिडको, अंबड आणि पांडवलेणी, आग्नेयेला नाशिकरोड, उत्तरेला म्हसरूळ आणि त्यामागे रामशेज. एवढं पाठ असलं की चुकायला होत नाही.

पहिली सकाळ: काठ आणि पंचवटी

सूर्य वर येण्याआधी अशोक स्तंभाकडून निघा आणि रविवार कारंजावरून अहिल्यादेवी होळकर पुलावर या. पुलाच्या मध्यावर थांबा. तिथून घाट, देवळांचे कळस आणि दोन्ही काठांचा चढ एका नजरेत येतो. मग पंचवटीच्या बाजूने खाली रामकुंडावर उतरा.

रामकुंडावर दिवसभर अस्थिविसर्जन आणि दशक्रियेचे विधी चाललेले असतात. जिथे कुणी आपल्या माणसाला निरोप देतंय तिथे मोबाईल वर करू नका. विधी करायचे असतील तर पुरोहितांशी दक्षिणा आधीच बोलून घ्या. इथल्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या आहेत. आपलं मूळ गाव आणि आडनाव सांगून आजोबा-पणजोबांची नोंद सापडते का हे विचारायला हरकत नाही. ज्यांना सापडते त्यांना दुसरं काही बघावंसं वाटत नाही.

कुंडासमोरच्या पायऱ्या चढून कपालेश्वराला जा. शंकराच्या देवळात समोर नंदी असतो, इथे तो नाही. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्याचा मार्ग नंदीने दाखवला, म्हणून महादेवाने त्याला गुरू मानलं आणि समोर बसू दिलं नाही, अशी कथा पुजारी सांगतात. देऊळ उंचावर आहे. मागे वळून पात्राकडे पाहिलंत की या उंचीचा अर्थ कळतो.

तिथून गल्ल्यांतून चढत काळाराम मंदिरापर्यंत दहा मिनिटं लागतात. सरदार रंगराव ओढेकरांनी १८व्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेलं हे देऊळ काळ्या दगडाचं आहे आणि तो दगड रामशेजच्या डोंगरातून आणल्याचं सांगतात. तिसऱ्या दिवशी त्याच डोंगरावर जायचं आहे. आवारात शिरल्यावर ओवऱ्यांमधून पूर्ण फेरी मारा, घाई करू नका. पण हे देऊळ केवळ बांधकामासाठी पाहू नये. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच दरवाजांसमोर मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दरवाजे बंद केले गेले. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रहींनी लाठ्या, दगड, तुरुंग सोसत तो लढा काही वर्षं चालवला. १९३५ साली इथून जवळच्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, त्यामागे नाशिकचा हा अनुभव होता. दरवाजाच्या बाहेर उभं राहून आत पाहा, मग आत जाऊन बाहेर पाहा. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे तिथेच सांगा.

सीतागुंफा शेजारीच आहे. वाट अरुंद आणि बसून सरकण्याइतकी ठेंगणी आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी किंवा कोंडलेल्या जागेची भीती असलेल्यांनी बाहेरचे जुने वड पाहून पुढे निघावं. तपोवन तिथून लांब आहे, ते रिक्षाने करा किंवा सोडा.

आता परत नदीकडे उतरा आणि नारोशंकराचं देऊळ गाठा. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलेलं हे रामेश्वराचं देऊळ नाशिकमधलं माझ्या मते सगळ्यात देखणं शिल्पकाम आहे. कळसाभोवतीच्या आकृत्या खालून नीट दिसत नाहीत, म्हणून थोडं मागे सरकून पाहा. दर्शनी भिंतीवर मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी आप्पांच्या वसईच्या विजयानंतर ती पोर्तुगीजांकडून मिळाली, असं मानतात. पण नाशिककराला ती महत्त्वाची वाटते वेगळ्या कारणासाठी: महापुराचं पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत चढलं की गावाची धडगत नाही.

पुराची दुसरी खूण पात्रातच आहे, दुतोंड्या मारुती. दोन्ही दिशांना तोंड असलेली ही उंच मूर्ती नदीत उभी आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं गाव विचारतं, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? पायाशी, कमरेला, छातीला. पावसाळ्यात आलात आणि काठावर बघ्यांची गर्दी दिसली तर तुम्हीही लांबूनच बघा. पात्रातल्या रस्त्यावर किंवा बुडालेल्या पायऱ्यांवर एक पाऊलही टाकू नका. ओढ दिसते त्याहून पुष्कळ जास्त असते.

बुधवार असेल तर काठावर आठवडे बाजार भरलेला असेल. गावठी लसूण, मिरच्या, सुकी मासळी, चपला, पाटे-वरवंटे, सगळं तिथे मिळतं.

तीच सकाळ, पुढचा चढ: जुनं नाशिक

रामसेतू पुलाने पलीकडे जा. इथून पुढचा भाग सगळ्यात रसाळ आहे आणि बहुतेक पाहुणे तो गाळतात.

आधी भांडी बाजार आणि सराफ बाजार लागतात. तांब्या-पितळेच्या कामासाठी नाशिक जुन्या काळापासून नावाजलेलं, तांबट आळी हे नाव त्यातूनच आलं. घंगाळ, बंब, समया, पूजेची भांडी पाहायची असतील तर इथेच. भाव वजनावर ठरतो, म्हणून आधी वजन विचारा. सराफ बाजाराचा रस्ता खोलगट आहे हे लक्षात येईल. शेजारच्या दहीपुलाखालून सरस्वती नाला वाहतो. जोराचा पाऊस झाला की वरच्या भागातलं पाणी याच वाटेने येतं आणि दुकानदारांची माल वर चढवायची धावपळ उडते.

सरकारवाडा इथेच आहे. पेशवाईतला हा प्रचंड वाडा बाहेरून तरी पाहाच: दगडी जोतं, लाकडी खांब, कोरीव तुळया. आत जाता येईल का हे त्या दिवशी दारावर विचारा.

आता चढाला लागा. तिवंधा चौकाकडे जाणारी कुठलीही गल्ली धरली तरी चालेल. म्हसरूळ टेक, डिंगर आळी, चित्रघंटा ही टेकड्यांवरच्या वस्तीची नावं. घरांच्या गर्दीत टेकडी डोळ्यांना दिसत नाही, पिंडऱ्यांना मात्र कळते. मध्येच गल्लीचा रस्ता पायऱ्यांचा होतो. एका घराचं जोतं शेजारच्या घराच्या पहिल्या मजल्याएवढं उंच असतं. लाकडी सज्जे, नक्षीच्या खिडक्या, चौकात विहीर असलेले वाडे अजून थोडे शिल्लक आहेत. दर वर्षी त्यातले काही पडतात किंवा बिल्डरकडे जातात, म्हणून आत्ताच पाहा. बहुतेक वाड्यांत माणसं राहतात. दार उघडं असलं तरी आत शिरू नका. ओट्यावर कुणी आजी-आजोबा बसले असतील तर नमस्कार करून ‘वाडा बघितला तर चालेल का?’ असं विचारा. घाई नसेल तर चौकापर्यंत बोलावतात, वाड्याचा इतिहासही सांगतात. पावसाळ्यात मात्र पडक्या भिंतींच्या कडेने चालायचं नाही.

तिळभांडेश्वर लेनमध्ये वळा. सावरकर बंधूंची मित्रमेळा आणि पुढे अभिनव भारत ही गुप्त संघटना या गल्लीतून उभी राहिली. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ते विजयानंद थिएटरही जुन्या गावातच. १९०९ आणि १९३० च्या या दोन घटना घडल्या त्या जागांच्या मध्ये फक्त नदी आहे. एवढ्या लहान परिसरात एवढा इतिहास घडलेली महाराष्ट्रातली गावं थोडी आहेत.

भद्रकालीकडे सरकलात की वस्ती बदलते. चौक मंडई, कोकणीपुरा, काझीपुरा, पिंजारघाटाकडची बडी दर्गा. हा भाग तितकाच जुना आणि तितकाच नाशिकचा आहे. दर्ग्यात डोकं झाकून जा. संध्याकाळी या बाजूचे कबाब आणि रमजानमधली बाजारपेठ चुकवू नये.

नदीच्या अंगाला मातीची गढी आहे. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा खालच्या थरांत ताम्रपाषाण काळातल्या वस्तीचे अवशेष मिळाले. म्हणजे सातवाहनांच्याही कितीतरी आधीपासून माणसं पुराच्या वर, या उंचवट्यावर राहत होती. आज गढीची नदीकडची बाजू ढासळते आहे आणि कडेवर घरं आहेत. खालच्या रस्त्यावरून पाहणं पुरेसं. कडेला जाऊ नका, आणि लोकांच्या अडचणीचे फोटो काढत हिंडू नका.

पोटाचं

सकाळी दहाच्या सुमारास मिसळ. नाशिकमध्ये ती पावाबरोबर येते, रस्सा वेगळ्या भांड्यात, वर तर्री, बाजूला पापड आणि दही. काळ्या मसाल्याची आणि लाल रश्श्याची असे दोन पंथ आहेत आणि घराघरांत त्यावर वाद होतात. मी काळ्याच्या बाजूचा. तिखटाची सवय नसेल तर तर्री कमी मागा. शहराबाहेर मळ्यांत, झाडाखाली चुलीवरची मिसळ देणारी ठिकाणं बरीच झाली आहेत. रविवारी तिथे तासभर थांबावं लागतं, तेव्हा ती आडवारी करा. गावातल्या जुन्या दुकानांत उभ्याने खाल्लेली मिसळ मला त्याहून आवडते. घरी न्यायला चिवडा घ्या, नाशिकचा कांद्याचा चिवडा. जानेवारी ते मार्चमध्ये आलात तर द्राक्षं.

दुसरी सकाळ: पांडवलेणी

मुंबई-आग्रा महामार्गावर, सीबीएसपासून आठेक किलोमीटरवर हा डोंगर आहे. पाथर्डी फाट्याकडे जाणारी सिटीलिंक धरा. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्धविहार आहे. भारतीय चित्रपटाचे जनक फाळके त्र्यंबकेश्वरचे, हे लक्षात असू द्या. पायऱ्या बांधलेल्या आहेत. सावकाश चढलं तरी वीस-पंचवीस मिनिटांत वर पोहोचता. तिकीट वरच मिळतं. शक्यतो उघडताच पोहोचा, कारण लेण्यांची तोंडं साधारण ईशान्येला आहेत आणि अक्षरांवर तिरपा उजेड सकाळीच पडतो.

नाव पांडवांचं असलं तरी ही बौद्ध भिक्षूंची लेणी आहेत, शिलालेखांत या डोंगराचं नाव त्रिरश्मी असं येतं. एकूण २४ लेणी आहेत. सगळी सारख्या वेळात पाहू नका. ३, १० आणि १८ या तीन क्रमांकांना पूर्ण वेळ द्या.

तिसऱ्या लेण्याच्या ओसरीचा भार खाली सहा बलदंड आकृत्यांनी खांद्यावर पेलला आहे. ओसरीत गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यानंतर, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी या आजीने लेणं दान केलं आणि मुलाचं वर्णन कोरून ठेवलं. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं ती म्हणते. आईने मुलाविषयी दगडात लिहिलेला असा मजकूर मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

दहाव्या लेण्यात सातवाहनांच्या शत्रुपक्षाचं लेखन आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या कापडाची सोय लावण्यासाठी ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. त्यातले २००० दरमहा एक टक्का व्याजाने आणि १००० पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून खर्च करायचा, असंही लिहिलं आहे. त्या गोवर्धनाच्या नावाचं गाव गंगापूर रस्त्यावर आजही आहे. त्या रस्त्याने जाताना सुमारे १९०० वर्षांपूर्वी तिथल्या कोष्ट्यांकडे ठेवी होत्या, हे आठवून पाहा.

अठरावं लेणं हे चैत्यगृह. आत स्तूप आहे. आवाज घुमतो, म्हणून लोक ओरडून बघतात. ते करू नका. इथे ध्यानाला बसणारे लोक असतात, शिवाय कड्यावर मधमाशांची पोळी असतात. धूर आणि गोंगाट दोन्ही टाळा. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नका.

उतरण्याआधी ओसरीत बसून समोर पाहा. अंबड, सिडको, महामार्ग आणि हवा स्वच्छ असेल तर लांब उत्तरेला चांभारलेणी आणि रामशेज. उद्याचा रस्ता इथूनच दिसतो.

तिसरी सकाळ: चांभारलेणी, नाहीतर रामशेज

दोन्ही एका सकाळीत करता येतात, पण मी एकच निवडायला सांगेन. वडीलधारी बरोबर असतील तर म्हसरूळची चांभारलेणी. हे गजपंथ नावाचं जैन सिद्धक्षेत्र आहे. चारशेहून अधिक पायऱ्या, सगळ्या बांधीव. चामड्याच्या वस्तू खाली ठेवाव्या लागतात.

पाय धडधाकट असतील तर रामशेज. पेठ रस्त्याने निघून आशेवाडी गाठायची, नाशिकपासून साधारण १४ किलोमीटर. स्वतःची दुचाकी असेल तर उत्तम. बसने गेलात तर परतीची वेळ तिथेच विचारून घ्या. चढ पाऊण ते एक तासाचा आहे. सह्याद्रीतल्या इतर किल्ल्यांच्या मानाने रामशेज बुटका आणि अगदी उघड्यावर आहे. भोवती दाट जंगल नाही की खोल दऱ्या नाहीत. तरीही संभाजी महाराजांच्या काळात, १६८२ पासून, मोगलांच्या मोठ्या सैन्याला मूठभर मावळ्यांनी इथे वर्षानुवर्षं अडवून धरलं. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा लाकडाच्या तोफा करून त्यांवर चामडं चढवलं, असं सांगतात. वर गेल्यावर कडेने पूर्ण फेरी मारा. मग हा वेढा कसा लढवला असेल याचा अंदाज येतो. पाण्याच्या टाक्यांतलं पाणी पिण्याचं धरू नका, माणशी दोन लिटर बरोबर घ्या. पावसात निसरडं होतं. अंधार पडण्याआधी खाली या, नाशिकच्या आसपास बिबट्याचा वावर आहे.

वेळ उरला तर

गंगापूर रोडने आनंदवल्लीचा नवश्या गणपती आणि सोमेश्वर एका संध्याकाळचे. पावसाळ्यात सोमेश्वरजवळचा धबधबा भरात असतो, पण रविवारी गर्दी फार. भगूरला सावरकरांचं जन्मघर आहे, देवळालीला जोडून करा. वाचणाऱ्यांनी सार्वजनिक वाचनालयात जावं. १८४० पासूनची संस्था आहे.

कधी यावं

सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत चालणं संपवा. गाव रंगात पाहायचं असेल तर रंगपंचमीला या. तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात. हे रस्त्याखाली झाकलेले दगडी हौद आहेत. रंगाने भरले की लोक त्यांत उड्या घेतात, त्याला ‘धप्पा’ म्हणतात. अंगावरचे कपडे परत वापरता येणार नाहीत, मोबाईल खोलीवर ठेवा.

चैत्रात कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथाची मिरवणूक निघते, त्या दिवशी गोदाकाठचे रस्ते बंद असतात. २०२६-२७ चा सिंहस्थ जवळ आल्याने घाट आणि रस्त्यांची कामंही सुरू आहेत. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, जिथे उतरला असाल तिथे कुठला पूल आणि कुठला घाट बंद आहे ते विचारून घ्या, आणि पहिल्या सकाळचा रस्ता त्याप्रमाणे होळकर पुलाऐवजी रामसेतूकडून सुरू करा.